नेच्याच्या पानांवरील खुणा कशा वाचाव्यात

नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांचे नुकसान कशामुळे होत आहे हे शोधताना सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: पानामागचा प्रत्येक तपकिरी ठिपका रोगाचा नसतो. नेच्याला फुले येत नाहीत आणि बियाही धरत नाहीत. त्याचा प्रसार बीजाणूंनी होतो आणि हे बीजाणू पानाच्या मागच्या बाजूला पुंजक्यांनी तयार होतात. बाल्कनीत टांगल्या जाणाऱ्या बॉस्टन फर्नच्या पर्णिकांवर, म्हणजे पानाच्या छोट्या उपपानांवर, हे पुंजके कडेजवळ दोन रांगांत गोल ठिपक्यांसारखे असतात, बर्ड्स नेस्ट फर्नमध्ये ते मधल्या शिरेकडून तिरप्या निघणाऱ्या समांतर रेघांसारखे दिसतात, तर हंसराजात पर्णिकेची कड मागे दुमडून त्यांना झाकून घेते. ठिपक्यांची मांडणी अशी नेटकी असेल आणि पानाची वरची बाजू हिरवीगार असेल, तर तेथे औषधाचे काहीही काम नाही. अशी निरोगी पाने रोगट समजून कापली जातात, याचे फार वाईट वाटते.

खवले कीड याच ठिपक्यांसारखी दिसते, म्हणून ती बराच काळ नजरेतून सुटते. मात्र तिचे ठिपके कसेही विखुरलेले असतात, देठावरही आढळतात, आणि पानाच्या वरच्या बाजूला त्याच जागी पिवळे डाग उमटतात. नेच्यावर नेहमी येणाऱ्या जातीत मादीचे कवच तपकिरी, शिंपल्याच्या आकाराचे असते आणि नर बारीक, लांबट व पांढरे असतात. त्यांची संख्या वाढली की पानावर खोबऱ्याचा कीस सांडल्यासारखा दिसतो. नखाने खरवडल्यावर कवच सुटून येते. पिकलेला बीजाणूंचा पुंजका असेल तर बोटाला तपकिरी भुकटी लागते.

कुरतडलेल्या पानांचा शोध रात्री विजेरी घेऊनच करावा. गोगलगाय चकाकणारा चिकट माग सोडते. अळी तसा माग सोडत नाही, पण तिच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या खालच्या पानांवर सापडतात. मोठी आफ्रिकन गोगलगाय, जी १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली, ती हातमोजे घालूनच उचलावी, कारण तिच्यातील परजीवी माणसालाही अपायकारक ठरू शकतात. एरवी नेचे किडींना सहजासहजी बळी पडत नाहीत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तर टेक्टारिया मॅक्रोडोन्टा या नेच्यातील एका प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून पांढऱ्या माशीपासून संरक्षण मिळते, असे २०१६ मध्ये दाखवून दिले.

ओळखायला सर्वांत अवघड, आणि म्हणूनच अधिक काळजीपूर्वक पाहावे असे नुकसान पानांतील सूत्रकृमींचे, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींचे, असते. हे कृमी पानावरील पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रांवाटे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतात. त्यामुळे पावसाळ्यात, किंवा रोज वरून पाणी शिंपडल्या जाणाऱ्या कुंड्यांत ते वेगाने पसरतात. मोठ्या शिरा त्यांना सहज ओलांडता येत नाहीत, म्हणून बाधित भाग शिरांच्या मर्यादेत राहून कोनदार किंवा पट्ट्यांसारखा तपकिरी-काळा होतो, आणि बुरशीच्या डागाभोवती अनेकदा दिसणारे पिवळे वलय येथे सहसा नसते. शंका असल्यास डागाळलेल्या भागाचे बारीक तुकडे काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी चांगल्या भिंगातून तळाशी वळवळणारे, जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत लांबीचे पारदर्शक धागे दिसले तर निदान पक्के होते. अशी पाने कापून नष्ट करावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत, आणि पुढे पाणी मातीलाच द्यावे.

केवळ टोके आणि कडा वाळत असतील तर बहुधा कीड नसते. उन्हाळ्यातील कोरडी हवा, अनियमित पाणी किंवा जास्त खतामुळे मातीत साचलेले क्षार तपासावेत. उन्हाच्या बाजूचीच पाने फिकट होऊन करपत असतील, तर कुंडी सावलीत हलवणे पुरते.

नेच्याची कोवळी पाने तेलकट आणि साबणयुक्त फवारणीने सहज भाजतात. त्यामुळे निंबोळी तेल वापरायचेच असेल तर ते आधी एकाच पानावर फवारून चार-पाच दिवस वाट पाहावी, आणि उन्हात कधीही फवारू नये.