स्तनाखालची आग घामोळ्याचीच असते का?

"घामोळं आहे गं, पावडर लावते रोज," मावशी म्हणाली. पण आग थांबेना, तेव्हा तिनं मला दाखवलं. दोन्ही स्तनांखाली घडीच्या रेषेवर लालभडक, ओलसर पट्टा, मधोमध बारीक चीर आणि तिच्यात पावडरीच्या गुठळ्या. त्याच गुठळ्या कातडीला घासत होत्या!

घामोळं म्हणजे घामाच्या नळ्या तुंबणं. इथे गोष्ट निराळी आहे. घडीत घाम वाळत नाही. कपडे धुताना बोटं भिजून पांढरी पडतात, तसा त्वचेचा वरचा थर फुगतो आणि चालता-बसता खरवडला जातो. मग येते कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी. ती अनेकांच्या तोंडात, आतड्यात एरवी निमूट राहते. तेव्हा ती असते गोल, एकपेशीय. अंगाला कोंब फुटून वाढणारी. पण ३७ अंशांच्या आसपासची ऊब मिळाली आणि आम्लता उतरली, की तीच पेशी लांब होत तंतू काढते. निरोगी त्वचेचा सामू (pH) साधारण ५ असतो, घडीत तो चढतो, म्हणजे आम्लता उतरते आणि तंतूंना हवं तेच मिळतं. तंतूच्या टोकाला स्पर्श कळतो! पृष्ठभागावरची खाच धरून ते वळतं, फटीत शिरतं. सोबत प्रथिनं पचवणारी विकरं पाझरतात. बुरशीला ना डोळे ना मेंदू, तरी ती वाट काढते, याचं मला आजही नवल वाटतं. मुख्य पट्ट्याबाहेर सुटे लाल ठिपके, बारीक पुळ्या दिसल्या तर संशय हिच्यावर.

सोरायसिस, नायटा, ब्रेसियरच्या इलॅस्टिकची ॲलर्जी यांनीही तिथली कातडी लाल होते. एकाच बाजूला, पाठीकडून पुढे येणारे दुखरे फोड म्हणजे बहुधा नागीण. तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, हे साफ खोटं आहे. विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका मज्जातंतूच्या मुळाशी जागा होतो, म्हणून फोड मध्यरेषेपाशी थांबतात. मंत्र घालण्यात दिवस घालवू नका. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. लाली उतरते, पण बुरशी आत पसरते. गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा बोंडाशी बरं न होणारं इसबासारखं काही दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मावशीला डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं, अंघोळीनंतर घडी टिपून कोरडी करायला सांगितली आणि रक्तातली साखर तपासली. ती बरीच वाढलेली निघाली.