समासात पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह दिसलं तर ते का काढलंय

तुम्ही आमच्याकडे इंग्रजी मजकूर तपासायला देता किंवा मराठीवरून इंग्रजी करून घेता, तेव्हा कागद परत येताना समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलेली असतात, कधी कधी आम्ही फोनही करतो, आणि मग बरेच जण वैतागून म्हणतात अहो शब्द बरोबरच आहे ना, डिक्शनरीत बघूनच टाकलाय. शब्द बरोबर असतोच हो. पण मराठीत जिथे एका शब्दात भागतं तिथे इंग्रजीत दोन असतात, आणि त्यातला कुठला हवाय ते फक्त तुम्हालाच ठाऊक. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो आपला 'पर्यंत'. "शुक्रवारपर्यंत उत्तर देऊ" आणि "शुक्रवारपर्यंत अर्ज घेऊ", दोन्हीकडे मराठीत तोच शब्द, कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत पहिल्याला बाय लागतं, कारण उत्तर एकदाच जाणार आणि शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत. दुसऱ्याला अनटिल किंवा टिल, कारण अर्ज घेणं रोज चालूच आहे आणि शुक्रवारी ते थांबणार. आमच्याच माणसाने एकदा घाईत एका सूचनेत दोन्हीकडे अनटिल टाकलं, आणि वाचणाऱ्यांनी समजून घेतलं की शुक्रवारनंतर ही मंडळी कुणाला उत्तरच देणार नाहीत. चूक आमची होती, सूचना परत छापून दिली, आणि तेव्हापासून 'पर्यंत' दिसला की पेन्सिल आपोआप उचलली जाते.

दुसरा डाऊट. हा तर अर्थ चक्क उलटा करतो. आपण बोलताना सर्रास म्हणतो "मला डाऊट आहे, त्यानेच फाईल हलवली", म्हणजे आपला संशय त्याच्यावर. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत डाऊट घालून लिहिलं तर समोरचा वाचतो "त्याने फाईल हलवली असेल असं मला वाटत नाही". म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवायचं होतं त्यालाच तुम्ही क्लीन चिट दिली! संशय घ्यायचा असेल तर सस्पेक्ट, विश्वास बसत नसेल तर डाऊट. तक्रारीच्या पत्रात हा शब्द असला तर आम्ही न विचारता हातच लावत नाही. आणि नुसतं काहीतरी विचारायचं असेल, म्हणजे आपली शंका, तर साधं क्वेश्चन लिहा, नाहीतर आपल्याकडची इंग्रजी सवयीची नसलेल्या माणसाला वाटतं की याचा माझ्या बोलण्यावर भरवसा नाही.

नाकारणं पण तसंच. आरोप नाकारला तर डिनाय, काम करायला नकार दिला तर रिफ्यूज. सावली म्हणाल तर झाडाखाली बसतो ती शेड आणि आपल्या पायाशी आपल्याच आकाराची पडते ती शॅडो. उसने पैसे घेतले तर बॉरो, दिले तर लेंड, इथे चुकलात तर कोण कुणाचं देणं लागतो तेच फिरतं.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द कशाला असं विचारतात लोक. त्याचं मोठं कारण 1066 सालातलं आहे, नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर बराच काळ दरबारात आणि कोर्टात फ्रेंच चालायची, सामान्य माणूस आपली जुनी इंग्रजी बोलत राहिला आणि विद्वानांची लॅटिन वेगळीच. म्हणून 'विचारणं' याला आस्क आहे घरातलं जुनं, क्वेश्चन आलं फ्रेंचमधून आणि इंटरॉगेट थेट लॅटिनमधून. ग्राहकाला आस्क करा, इंटरॉगेट पोलिसांना करू द्या. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही, भारदस्त दिसावं म्हणून मोठा शब्द टाकलेली पत्रं खरंच येतात.

काही जोड्या तर कानाला एकच, आणि देवनागरीत लिहिल्या तरी एकच दिसतात. प्रिन्सिपल: शेवट ए-एल असेल तर कर्जाचं मुद्दल किंवा कॉलेजचे प्राचार्य, एल-ई असेल तर तत्त्व. स्टेशनरी: शेवटी ई-आर-वाय म्हणजे कागद-पेनं, ए-आर-वाय म्हणजे एका जागी थांबलेलं. मूळ दोघांचं एकच बरं का, फेरीवाल्यासारखं न हिंडता एका ठिकाणी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर, आणि तो विकतो ती स्टेशनरी. कॉम्प्युटरचा स्पेलचेक अशा ठिकाणी बहुतेक वेळा गप्प बसतो कारण त्याच्या लेखी दोन्ही स्पेलिंगं बरोबरच.

लेबलं छापून घेणाऱ्यांनी एवढं नक्की बघा. इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल हे विरुद्ध शब्द नाहीत, दोघांचाही अर्थ पेट घेणारं असाच आहे. पुढचा इन बघून लोकांना वाटतं की हे पेटत नाही, म्हणून आम्ही लेबलवर नेहमी फ्लेमेबलच ठेवतो, तुम्ही दुसरा दिलात तरी बदलतो, त्याबाबतीत ऐकणार नाही. बायवीकलीही काढून टाकतो, कारण आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, डिक्शनरी दोन्ही अर्थ देते, मग वाचणाऱ्याने करायचं काय.

कंटिन्युअस की कंटिन्युअल असल्या बारीक फरकांवर मात्र आम्ही तुम्हाला फोन करून त्रास देत नाही, ते आमचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त एक करा, जिथे शंका असेल तिथे इंग्रजी शब्दाशेजारी मनातलं मराठी वाक्य जसं बोलता तसं लिहून द्या, अगदी गिचमिड अक्षरात चालेल, आणि तारीख असेल तर त्या दिवशी काम संपणार की सुरू होणार तेही लिहा.