साचे सापडले म्हणून वाचलेली गाडी

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर अष्टकोनी बिल्ल्याच्या एसयूव्ही आता सर्रास दिसतात. 2019 साली 'हेक्टर' आली आणि 'एमजी' ही दोन अक्षरं आपल्याकडे घराघरांत पोचली. ही अक्षरं मूळची 'मॉरिस गॅरेजेस'ची, म्हणजे विल्यम मॉरिसच्या ऑक्सफर्डमधल्या दुकानाची. त्या दुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने 1920च्या दशकात मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉडी चढवायला सुरुवात केली आणि त्यातून एमजीच्या स्पोर्ट्स कार जन्माला आल्या. 1929 पासून त्या ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात बनू लागल्या. 1980 मध्ये तो कारखाना बंद पडला. नाव पुढे हातोहात फिरत चिनी कंपनीकडे गेलं. आजच्या एसयूव्हीचं अ‍ॅबिंग्डनशी असलेलं नातं नावापुरतंच आहे.

अ‍ॅबिंग्डनच्या जुन्या गाड्या मात्र आजही हजारोंनी धावतात. 'जुन्या काळचं काम पक्कं, म्हणून टिकल्या' असं लोक सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. या गाड्या गंजल्या, त्यांचा पत्रा कुजला, वायरिंगने मालकांना रडवलं. तरी त्या टिकल्या, कारण त्यांचे सुटे भाग मिळत राहिले. ते कसे मिळत राहिले, हाच त्यांच्या दुरुस्तीचा खरा इतिहास आहे.

त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत झाली. ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता आणि पोलादाचा कोटा निर्यातीच्या हिशेबाने मिळे. जो कारखाना गाड्या परदेशी धाडेल, त्यालाच पत्रा. 1945 मध्ये आलेली एमजी टीसी खरं तर युद्धापूर्वीच्याच घडणीची होती. अ‍ॅश लाकडाची चौकट, तिच्यावर ठोकलेला पत्रा, 1250 सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंग फक्त उजवीकडे. 1949 पर्यंत सुमारे 10,000 टीसी बनल्या आणि त्यातल्या साधारण 2,000 अमेरिकेत गेल्या. आकडा छोटा वाटतो, पण तिने तिकडच्या तरुणांना नाद लावला. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाची किंमत 4.03 डॉलरवरून 2.80 डॉलरवर आणली गेली. ब्रिटिश गाड्या एका रात्रीत स्वस्त झाल्या. त्यानंतरच्या टीडी मॉडेलच्या 30,000च्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला रवाना झाल्या.

गाडी समुद्रापार गेली की फिल्टर, गॅस्केट, ब्रेकचे रबर हेही तिच्यामागून जावं लागतं. लॉस एंजलिसमध्ये अल मॉस नावाच्या तरुणाने 1948 साली ब्रिटिश गाड्यांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो स्वतः टीसी चालवायचा. त्या दुकानातून पुढे सुट्या भागांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आज इंग्लंडमधल्या मालकालाही एखादा भाग अमेरिकेतून मागवावा लागतो, त्याचं मूळ या काळात आहे.

टीसीच्या इंजिनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तिच्या एका नटबोल्टात अर्धा इतिहास भरलेला आहे. गाडी ब्रिटिश, म्हणून मिस्त्री व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा पाना उचलतो. पाना नटाच्या डोक्यावर चपखल बसतो. मग नवा बोल्टही तो ब्रिटिश आट्यांचाच आणतो, दोन फेऱ्या सहज फिरवतो, पुढे अडतो म्हणून जोर लावतो, आणि ब्लॉकमधले आटे मोडतात. कारण आतले आटे मेट्रिक आहेत! हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि 1923 मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच मापांची होती आणि ती बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून आटे मेट्रिकच ठेवले आणि ब्रिटिश फिटरची अडचण नको म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची केली. त्याच गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, मात्र ब्रिटिश आटे, आणि विजेच्या बारीक स्क्रूंचं माप तिसरंच. जाणकार माणूस या इंजिनाला हात लावण्याआधी आटे मोजायचा गेज काढतो, पाना नंतर. 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी आट्यांचं एकच प्रमाण मान्य केलं. पुढच्या एमजीए आणि एमजीबी या गाड्यांत ते आलं आणि हा घोळ बराचसा मिटला.

1962 ची एमजीबी ही या गोष्टीतली मुख्य गाडी. एमजीचा मुख्य अभियंता सिड एनेव्हर याच्या देखरेखीखाली ती आखली गेली. 1980 पर्यंत तिच्या 5 लाखांहून अधिक प्रती निघाल्या. दिसायला ती नखरेल असली तरी आतून घरगुती होती. तिचं 1798 सीसीचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, आणि हे घराणं आपल्याला परकं नाही. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच बी-सिरीजचं. ज्यांनी टॅक्सीच्या जमान्यात अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडून टॅपेट सेट केले आहेत, त्यांना एमजीबीच्या इंजिनापुढे उभं केलं तर हात आपोआप योग्य जागी जाईल. तसंच मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आणि तिकडची ट्रायम्फ स्पिटफायर या एकाच चासीच्या कुळातल्या. ब्रिटिश कंपन्यांकडे स्पोर्ट्स कारसाठी वेगळं इंजिन घडवायला पैसा नव्हता. त्यांनी घरच्या सेडान गाड्यांचे भाग उचलून वापरले. त्या वेळी समीक्षकांनी यावर नाकं मुरडली. आज तीच गोष्ट या गाड्यांच्या पथ्यावर पडली आहे, कारण लाखो गाड्यांत बसलेला भाग सहसा संपत नाही.

या गाड्यांची देखभाल मात्र त्या काळच्या शिस्तीने करावी लागते. एमजीबीच्या पुढच्या चाकांजवळ प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निप्पल असतात. ग्रीसगनचे चार झटके चुकवले की किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ, झिजते आणि मग खर्च शेकडो पौंडांत जातो. इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू कार्बुरेटरचंही तसंच. ते स्किनर बंधूंचं, आणि हे घराणं चपला-बुटांच्या धंद्यातलं. त्यांच्या सुरुवातीच्या कार्बुरेटरमध्ये चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. वरची पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी फिरवून काढायची, आत तेल आहे का बघायचं, पिस्टन बोटाने अलगद उचलून सोडायचा. तो खाली पडताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला तर ठीक. आवाज न येता पिस्टन अडखळला तर त्याच्याखालची पेट्रोलची सुई मध्यावर नाही किंवा आत मळ आहे. ना लॅपटॉप, ना सेन्सर. कान शाबूत हवेत.

इंजिन आणि कार्बुरेटर सांभाळता येतात. गाडीचा जीव घेतो तो पत्रा. टीसीला वेगळी चासी होती, एमजीएलाही. एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि उघड्या टपाच्या गाडीत सगळा भार दारांखालच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे सिलवर, येतो. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा असे त्याचे थर. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या मागच्या पोकळीत साचतो, ओला राहतो. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. सिल आतून कुजत जातं आणि वरचा रंग शेवटपर्यंत चकाकत राहतो. विकत घेताना बोटाच्या पेराने ठोकून बघा: चांगला पत्रा टणकन बोलतो, पुट्टी भरलेला बद्द वाजतो. दाराची फट वर चिमटलेली आणि खाली रुंद दिसली तर गाडी मध्यातून वाकू लागली आहे. कित्येक गाड्यांत कुजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा चिकटवून वार्षिक तपासणी निभावून नेलेली असते. खरी दुरुस्ती म्हणजे आधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड करून आकार धरून ठेवायचा, मग एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्याची गाडी पुन्हा कधीच सरळ होत नाही.

1968 मध्ये ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह तयार झाला आणि त्यात एमजीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. नवं मॉडेल आलंच नाही. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी 1974 च्या अखेरीस क्रोमचे बंपर काढून काळे रबरी बसवले आणि गाडीची उंची वाढवली. तिचं वळणावरचं चापल्य गेलं. सप्टेंबर 1979 मध्ये अ‍ॅबिंग्डनमध्ये कारखान्याची 50 वर्षं साजरी झाली आणि लगोलग तो बंद करण्याची घोषणा झाली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त हीच गोष्ट लागते. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने काही लोकांनी एमजी विकत घ्यायचा प्रयत्न केला, तोही फसला. ऑक्टोबर 1980 मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली.

एरवी इथेच सगळं संपलं असतं. पण मालक संघटित होते. एमजी कार क्लब 1930 पासून होता, 1973 मध्ये एमजी ओनर्स क्लब निघाला. मागणी होती, म्हणून छोटे कारखाने भाग बनवू लागले. त्यातले बरेचसे पॅनेल मात्र अंदाजाने ठोकलेले, गाडीला धड न बसणारे. नवं मडगार्ड बसवायला दोन दिवस घासत बसायचं, अशी गत होती.

चित्र पालटलं ते ब्रिटिश मोटर हेरिटेजमुळे. लेलँडने 1975 मध्ये आपल्या जुन्या गाड्या आणि कागदपत्रं जपण्यासाठी जो विभाग काढला होता, त्यातून ही कंपनी उभी राहिली. तिथल्या डेव्हिड बिशप यांनी एमजीबीचे मूळ साचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे टनावारी वजनाचे डाय, हुडकायला सुरुवात केली. गाडी बंद झाली की असे डाय सहसा भंगारात वितळतात. हे बरेचसे वाचले होते, पण विखुरलेले. ते गोळा केले, नव्हते ते नव्याने घडवले आणि ऑक्सफर्डशायरमधल्या फॅरिंग्डनला जुळणी सुरू झाली. 1988 मध्ये एमजीबीची कोरीकरकरीत बॉडी विक्रीला आली, कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी! हा सगळ्या जुन्या गाड्यांच्या इतिहासातला एक मोठा दिवस आहे, असं मी मनापासून मानतो. पुढे एमजीची छोटी मिजेट आणि मिनी यांच्याही बॉडी निघाल्या. याच बॉडीवर बेतून, तेव्हा एमजीचं नाव ज्यांच्याकडे होतं त्या रोव्हरने 1992 मध्ये 3.9 लिटर व्ही-8 इंजिनाची आरव्ही-8 काढली. तिच्या सुमारे 2,000 गाड्या बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

मोठ्या कंपन्यांनाही या कामाचं मोल नंतर कळलं. 2008 पासून टाटांकडे असलेल्या जॅग्वारने आपली जुन्या गाड्यांची कार्यशाळा काढली. फेब्रुवारी 1957 मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला लागलेल्या आगीत एक्सकेएसएस या मॉडेलच्या नऊ स्पोर्ट्स कार जळाल्या होत्या. त्या नऊ गाड्या जवळजवळ 60 वर्षांनी नव्याने बांधायला घेतल्या.

आताची लढाई इंधनाशी आहे. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून शिशाचं पेट्रोल पंपांवरून गेलं. इंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात, त्या सीटना त्या शिशाचा आधार होता. तो गेल्यावर सीट खचू लागल्या. उपाय म्हणजे हेड काढून कठीण पोलादाच्या सीट बसवणं. 2021 मध्ये 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडू लागल्या, इंधन झिरपू लागलं. आपल्याकडे 20 टक्क्यांचं मिश्रण आल्यावर जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर जपणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे, आणि उत्तरही तेच: नळ्या बदला, टाकी कोरडी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका.

नव्या बॉडीतून एक निराळाच प्रश्न निघाला. सांगाडाच बदलला तर गाडी जुनी म्हणायची का? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने त्यासाठी अनेक वर्षं गुणांची पद्धत चालवली. सांगाड्याला 5 गुण, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, इंजिनाला 1. त्यातले 8 जुळले की जुना नंबर कायम. मूळ बनावटीचीच नवी बॉडी पावतीसह घेतली असेल तर तिचेही 5 धरले जात. म्हणून इंग्लंडमधल्या एखाद्या गॅरेजात आजही हे काम चाललेलं दिसेल: कुजलेल्या बॉडीच्या आतल्या बाजूला असलेल्या, गाडीचा ओळख क्रमांक कोरलेल्या छोट्या पट्टीचे रिबिट ड्रिलने उडवायचे, पट्टी पुसायची आणि शेजारी उभ्या असलेल्या, अजून रंग न चढलेल्या बॉडीवर त्याच जागी ठोकायची.