आठवणीचा खेळ : किट जोडण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

पाकीट फोडण्याआधी स्वयंपाकघरातून कडा असलेलं एक स्टीलचं ताट मागून घ्या आणि सगळं सामान त्यात ओता. रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे भाग, तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नाहीत. फरशीवर घरंगळले की सापडायला वेळ लागतो, आणि एक जरी हरवला तरी खेळातला एक दिवा लागत नाही.

ताटात काय असायला हवं ते बघून घ्या. एक हिरवा पीसीबी (बाकी सगळं ज्यावर बसतं ती पट्टी), चार रेझिस्टर, लाल-पिवळा-हिरवा-निळा असे चार एलईडी (हेच खेळातले दिवे), चार मोठी पुश बटनं, २८ पायांचा आयसी (खेळ चालवणारी चिप) आणि तो ज्यात बसतो तो बेस, वीज थोडा वेळ साठवणारे दोन कॅपॅसिटर, आवाज काढणारा एक बझर, एक सरकवायचा स्विच आणि तीन पेन्सिल सेलचा होल्डर. सेल आम्ही देत नाही, कारण पाकिटात पडून पडून ते जुने होतात. काही कमी निघालं तर पाकीट घेऊन या, लगेच भरून देतो.

हे सगळं पीसीबीला सोल्डरनं, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या तारेनं, जोडायचं आहे; त्याचे मिळून ७१ सांधे होतात. आयसीच्या बेसचे २८, बटनांचे १६, रेझिस्टर आणि एलईडींचे आठ-आठ, कॅपॅसिटरचे चार, स्विचचे तीन, बझरचे दोन, होल्डरच्या तारांचे दोन. दुकानात येणारे पालक विचारतात, "एवढं सामान दिलंय तर जोडूनच का देत नाही?" तयार खेळणं बंद पडलं की ते कपाटाच्या वर जातं. ज्या मुलानं यातला प्रत्येक सांधा स्वतः दिलाय, ते मूल खेळ बंद पडल्यावर पालथा करून सांधे बघायला लागतं. आम्हाला ते मूल हवंय, म्हणून हे किट सुट्टं आहे.

खेळ कसा चालतो

"शिवाजी म्हणतो" आपण सगळेच खेळलोय. इथं सांगणारा आयसी आहे. तो आधी एक दिवा लावतो, तुम्ही त्याच दिव्याचं बटन दाबायचं. मग तो पहिला दिवा आणि आणखी एक लावतो, तुम्ही दोन्ही त्याच क्रमानं दाबायचे. असं दर फेरीला एक पाऊल वाढत जातं. चुकलात किंवा तीन सेकंद थांबलात की खेळ संपला.

हा खेळ अमेरिकेत १९७८ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं 'सायमन' या नावानं बाजारात आणला. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी तो तयार केला होता. बेअर म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम, १९७२ ची 'ओडिसी', ज्यांच्या कामातून आला तेच. त्यांना कल्पना सुचली ती अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या एका जुन्या यंत्रावरून. त्या यंत्राचा खेळ चांगला होता, पण आवाज कर्कश. म्हणून बेअर असे चार सूर शोधायला लागले, जे कुठल्याही क्रमानं वाजले तरी कानाला बरे लागतील. ते त्यांना बिगुलात सापडले. बिगुलाला बटनं नसतात, फुंकून मोजकेच सूर निघतात, आणि ते एकमेकांशी जुळतातच.

आमच्या खेळातही तेच नातं ठेवलंय. चार दिव्यांचे सूर ३९०, ५२०, ६५० आणि ७८० हर्ट्झचे आहेत, म्हणजे ३, ४, ५, ६ या प्रमाणात. घरात कुणी पेटीवर बसणारं असेल तर त्यांना ऐकवा: मंद्रातला पंचम, षड्ज, गंधार आणि मधला पंचम. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना या सुरांचा आणि दिव्यांच्या जागेचा आधार होतो. सराव झाला की डोळे मिटूनही क्रम ओळखता येतो.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात: दर वेळी क्रम वेगळा कसा? आयसीला स्वतःहून 'काहीही' निवडता येत नाही, तो हिशोबच करतो. एकाच आकड्यापासून हिशोब सुरू केला तर क्रमही दर वेळी तोच येईल. म्हणून तो सुरुवातीचा आकडा तुमच्याकडून घेतो. स्विच चालू केल्यापासून तुम्ही पहिलं बटन दाबेपर्यंत किती वेळ गेला ते तो सेकंदाच्या अगदी बारीक भागांत मोजतो. तेवढं अचूक तुम्हालाही पुन्हा दाबता येणार नाही.

आयसीचं नाव एटीमेगा ३२८पी. त्याच्या पोटात तीन प्रकारची आठवण आहे. खेळाचा प्रोग्रॅम ३२ किलोबाइटच्या जागेत आम्ही भरूनच देतो. चालू खेळाचा क्रम दोन किलोबाइटच्या कच्च्या वहीत राहतो आणि स्विच बंद केला की पुसला जातो. चार दिव्यांतला एक सांगायला दोनच बिट (हो किंवा नाहीच्या खुणा; अशा आठांचा एक बाइट) लागतात, त्यामुळे ५० पावलांचा अख्खा क्रम १३ बाइटमध्ये मावतो. तिसरी जागा १,०२४ बाइटची आहे. तिथं तुमचा विक्रम लिहिला जातो, आणि सेल काढले तरी तो राहतो. ही जागा एक लाख वेळा लिहिण्याच्या हमीची असते, म्हणून विक्रम मोडला तरच आमचा प्रोग्रॅम तिथं लिहितो. हिरवं बटन दाबून ठेवून स्विच चालू केलात तर विक्रमाइतक्या वेळा हिरवा दिवा लुकलुकतो. लाल दाबून चालू केलात तर विक्रम पुसला जातो. भावंडं असतील तर हे वाक्य त्यांना आत्ताच वाचून दाखवू नका.

सोलापुरात यंत्राची आठवण ही काही नवी गोष्ट नाही. चादरीवरची नक्षी विणणाऱ्या जॅकार्डला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावत. जिथं भोक, तिथला धागा वर उचलला जाई. भोक नसेल तिथला खालीच राही. म्हणजे प्रत्येक जागी हो किंवा नाही. फ्रान्समधल्या लियॉंच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. आयसीच्या आत पुठ्ठा नाही, पण हो-नाहीची माळ तीच. तुमच्या आजोबांनी मागावर काम केलं असेल तर हा परिच्छेद त्यांच्याकडून समजून घ्या, आमच्यापेक्षा नीट सांगतील.

सांधा कसा द्यायचा

हे किट चालणं-न चालणं इथंच ठरतं. बाकी घाईत वाचलं तरी चालेल, हे सावकाश वाचा.

गल्लीत कल्हईवाला यायचा ते ज्यांना आठवतं, त्यांना सोल्डरिंग अर्धं येतं. तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून ते स्वच्छ करायचा, आणि मग कथील फिरवायचा. गार भांड्याला कथील कधी धरत नाही. आपल्या सोल्डरच्या तारेतही ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं आहे, आणि नवसागराचं काम करायला तारेच्या पोटात राळ भरलेली आहे. तार १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते. सोल्डरिंग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, ३३० ते ३५० अंशांपर्यंत तापलेलं असतं. म्हणजे तार बिटावर टेकवली की वितळणारच. पण वितळलेली तार गार तांब्यावर नुसती बसते, धरत नाही. वरून गोळा छान दिसतो आणि आत फट राहते. रिपेरिंगवाले यालाच ड्राय सोल्डर म्हणतात.

म्हणून बिट आधी अशा जागी टेकवा की ते पीसीबीवरच्या पॅडला (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीला) आणि कंपोनंटच्या, म्हणजे जोडायच्या वस्तूच्या, पायाला एकाच वेळी लागेल. एक सेकंद थांबा. मग तार बिटाला लावू नका, विरुद्ध बाजूनं पॅड आणि पाय मिळतात तिथं लावा. दोन्ही तापलेले असतील तर तार आपोआप आत ओढली जाते. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढं सांगावं लागत नाही. पुरेसं झालं की आधी तार काढा, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंद. गार होईपर्यंत फुंकर नको, हलवणं नको. चांगला सांधा चकचकीत आणि पायथ्याशी पसरत गेलेल्या छोट्या टेकडीसारखा दिसतो. गोळी बसल्यासारखा किंवा खरखरीत दिसला तर पुन्हा तापवा आणि थोडी ताजी तार द्या, कारण जुनी राळ जळून गेलेली असते.

बिट काळं पडलं की उष्णता पुढं जात नाही. दर दोन-तीन सांध्यांनी ते ओल्या सुती फडक्यावर पुसा आणि लगेच थोडी तार लावून चकाकतं ठेवा. जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा यासाठी उत्तम. सिंथेटिक फडकं घेऊ नका, ते वितळून बिटाला चिकटतं.

आता आपल्या गावापुरती एक गोष्ट. उन्हाळ्यात संध्याकाळी काही भागांत व्होल्टेज उतरतं. तुमचं २५ वॅटचं आयर्न २३० व्होल्टवर २५ वॅट देतं. व्होल्टेज १९० झालं तर ते जेमतेम १७ वॅटच देतं, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. आयर्न गरम तर लागतं, पण सांधे ड्राय होत जातात आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ट्यूब लुकलुकत असेल तर त्या दिवशी काम थांबवा, सकाळी बसा. डोक्यावरचा पंखाही सांधा देताना बंद हवा. मे महिन्यात हे जड जातं, हे आम्हाला माहीत आहे. पाच सांधे द्या, पंखा लावा, पुन्हा बंद करा.

खिडकी उघडी असू द्या. धूर राळेचा असतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. शिसं हाताला लागतं, म्हणून कामाच्या मध्ये शेंगदाणे तोंडात टाकू नका आणि उठल्यावर साबणानं हात धुवा. चादरीवर किंवा गादीवर बसून काम नको. लाकडी पाट किंवा फरशीचा तुकडा घ्या. सांध्यानंतर कंपोनंटचे उरलेले पाय कापताना तुकडा उडतो, तेव्हा चष्मा हवाच. चटका बसला तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. बारा वर्षांखालच्या मुलाशेजारी मोठ्या माणसानं पूर्ण वेळ बसावं.

कुठून सुरुवात

बुटक्या वस्तू आधी, उंच नंतर. म्हणजे पीसीबी पालथा केला तरी काही डळमळत नाही.

रेझिस्टर पहिले. त्यांना उलटं-सुलटं नसतं, पण दोन किमती आहेत. नारंगी-नारंगी-तपकिरी पट्ट्यांचे दोन ३३० ओहमचे. ते लाल आणि पिवळ्या दिव्याचे. तपकिरी-हिरवा-तपकिरी दोन १५० ओहमचे. ते निळ्या आणि हिरव्याचे. लाल दिव्याला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्याला तीनच्या वर लागतात. त्यामुळे निळ्याच्या वाट्याला उरलेलं व्होल्टेज कमी, आणि अडवणूकही कमी ठेवावी लागते. अदलाबदल झाली तर जळणार काही नाही, दिवे कमी-जास्त उजळ दिसतील इतकंच.

मग आयसीचा बेस. त्याची खाच पीसीबीवर छापलेल्या खाचेवर आली पाहिजे. आधी कोपऱ्यातले दोन पाय सोल्डर करा, बेस सपाट बसलाय का बघा, मग उरलेले २६. हे पाय अगदी जवळजवळ आहेत. दोन सांधे एकमेकांना चिकटले तर घाबरू नका; तापवून सकरनं (वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या पंपानं) ओढून घ्या. आयसी स्वतः अजून ताटातच राहू द्या.

१०४ लिहिलेला चपटा कॅपॅसिटर कसाही बसतो. डबीसारख्या कॅपॅसिटरवर पांढरी पट्टी आहे, ती वजा बाजू. बटनांना प्रत्येकी चार पाय असतात, आणि ते आतून दोन-दोन जोडलेले असतात. एखादा सांधा राहिला तरी खेळ चालतो, पण सगळे चारही द्या. हरल्यावर मुलं बटन कसं दाबतात ते तुम्ही जाणताच.

एलईडीचा लांब पाय अधिकच्या भोकात. पाय कापल्यावर शंका आली तर कडा बघा: जिकडे ती सपाट आहे ती वजा बाजू. त्यानंतर बझर, स्विच आणि शेवटी होल्डरच्या तारा, लाल अधिकला आणि काळी वजाला.

आयसी बसवण्याआधी सेल घालून स्विच चालू करा. बेसची खाच वर धरून डाव्या बाजूनं वरून खाली मोजा; सातव्या आणि आठव्या पायात मल्टीमीटरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. मल्टीमीटर नसेल तर दुकानात या, दोन मिनिटांचं काम आहे. आकडा बरोबर आला की स्विच बंद करून आयसी बसवा. नव्या आयसीचे पाय थोडे फाकलेले असतात. टेबलावर टेकवून हलकेच सरळ करा, नाहीतर एखादा पाय बेसमध्ये न जाता खाली दुमडतो.

चाललं नाही तर

आमच्याकडे परत आलेल्या किटांमध्ये आयसी खराब निघणं फार क्वचित. बहुतेक वेळा सांधाच असतो.

एकच दिवा लागत नसेल तर तो उलटा बसलाय किंवा त्याचा सांधा ड्राय आहे. उलटा बसलेला एलईडी या व्होल्टेजला जळत नाही, काढून सुलटा करा. बटन न दाबताच दाबल्यासारखं वागत असेल तर त्याच्या पायांपासून बेसपर्यंत कुठंतरी दोन सांधे चिकटलेत. काहीच होत नसेल आणि आयसी गरम लागत असेल तर तो उलटा आहे. ताबडतोब स्विच बंद करा. आणि महिन्याभरानं निळा आणि हिरवा आधी मंद झाले, लाल मात्र झकास, तर ते सेल उतरल्याचं लक्षण आहे, जोडणीत दोष नाही.

खेळ चालला आणि सात-आठ पावलांवर अडकलात तर तेही स्वाभाविक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सात, दोन इकडे-तिकडे, इतक्याच गोष्टी डोक्यात धरतो. पण गट केले की जास्त मावतं. रंग एकेक पाठ करण्याऐवजी तीन-तीन सुरांचा तुकडा करून गुणगुणा.

तरीही अडलं तर नव्या पेठेतल्या दुकानात घेऊन या. तपासायचे पैसे घेत नाही. सांधा तुमच्यासमोर, शक्यतो तुमच्याच हातून दुरुस्त करतो. ज्यानं जोडलंय त्यालाच सोबत आणा. येताना सेल काढून ठेवा आणि कापलेले पाय टाकून देऊ नका, पॅड उखडलं असेल तर तोच तुकडा जोडायला कामी येतो.