दुसरी रेघ कधी उमटते?

मेडिकलमधून आणलेल्या गर्भचाचणीच्या खोक्यावर ‘99 टक्के अचूक’ असं ठळक छापलेलं असतं. ही अचूकता पाळीची तारीख आल्यानंतरची, हा खुलासा आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत सापडतो. मूल हवं म्हणून महिनोन्‌महिने तारखा मोजणाऱ्या बाईची नजर खोक्यावरच थांबते. मग पाळीला चार-पाच दिवस असतानाच पहिलं किट फोडलं जातं, एकच रेघ येते आणि तो दिवस वाईट जातो. खरं तर त्या रेघेतून तिला काहीच कळलेलं नसतं.

असं का होतं ते समजण्यासाठी पट्टी काय मोजते ते पाहू. पट्टीला गर्भ दिसत नाही. तिला दिसतं एचसीजी नावाचं संप्रेरक. पुढे ज्यांची वार होणार असते, त्या पेशी ते तयार करतात. स्त्रीबीज सुटल्यावर 12 ते 24 तासच टिकतं. त्या वेळात गर्भनलिकेत शुक्राणूशी गाठ पडली की गर्भ तयार होतो, आणि पेशी वाढवत वाढवत पुढचे पाच-सहा दिवस गर्भाशयाकडे सरकत राहतो. या काळात आईच्या रक्ताशी त्याचा काही संबंध आलेला नसतो. गर्भाशयाच्या अस्तरात तो रुजायला लागला की एचसीजी रक्तात उतरतं आणि तिथून लघवीत येतं. त्याआधी कितीही महागडी चाचणी केली तरी उत्तर मिळणार नाही, कारण मोजण्यासारखं तिथे काही नसतंच.

हे रुजणं नेमकं कधी घडतं, याचा उत्तम हिशेब अमेरिकेतले संशोधक ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. 1980च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनामध्ये मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या 221 स्त्रियांनी रोज सकाळच्या लघवीचा नमुना साठवला होता. त्यावरचा निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांपलीकडे टिकलेल्या गर्भारपणांत एचसीजी पहिल्यांदा दिसलं ते बीज सुटल्यानंतर 6 ते 12 दिवसांनी, आणि त्यांतल्या 84 टक्क्यांत आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. म्हणजे दोघींचं बीज एकाच दिवशी सुटलं, दोघींनाही दिवस राहिले, तरी एकीचा गर्भ दुसरीपेक्षा तीन दिवस उशिरा रुजू शकतो.

तीन दिवसांनी काय बिघडतं? हिशेब करून पाहा. सुरुवातीला एचसीजी साधारण दीड ते दोन दिवसांत दुप्पट होतं. समजा, एका सकाळी पहिलीच्या लघवीत दर मिलिलीटरमागे 40 मिलि-युनिट एचसीजी आहे. दुसरी तीन दिवस मागे, म्हणजे दुपटीचे दोन टप्पे मागे. तिच्याकडे भरेल फक्त 10. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक किट 25 मिलि-युनिटपासून पुढचं ओळखतात. त्या सकाळी एकीला दोन रेघा, दुसरीला एक. आणि गरोदर दोघीही.

त्याच गटाने 2001 साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पाळीची तारीख येते त्या दिवशी सुमारे 10 टक्के गर्भ अजून रुजलेलेच नसतात. म्हणून त्या दिवशी आदर्श चाचणीलाही 90 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. आठवडाभराने हेच प्रमाण 97 टक्क्यांवर जातं. खोक्यावरचे 99 टक्के हे प्रयोगशाळेत ठरावीक एचसीजी घातलेल्या नमुन्यांवर मिळालेले असतात. तुमचा गर्भ कधी रुजला हे त्या आकड्याला ठाऊक नसतं.

मग तारीख कोणती धरायची?

पाळी 28 दिवसांनी नेमाने येत असेल, तर तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी करायला हरकत नाही. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर तीन दिवस थांबून पुन्हा. त्याच संध्याकाळी दुसरं किट फोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बारा तासांत एचसीजी पुरतं दुप्पटही होत नाही, शिवाय संध्याकाळची लघवी पातळ असते.

पाळीचं चक्र लांब किंवा अनियमित असेल, तर पाळीची तारीख हा मुळात अंदाज. चक्राचा पहिला भाग लांबतो-आखडतो. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा भाग बहुतेकींमध्ये 12 ते 14 दिवसांचाच राहतो. म्हणून 35 दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या नाही, एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. मोबाइलमधलं ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून तारीख सांगतं. या महिन्यात बीज आठ दिवस उशिरा सुटलं हे त्याला कसं कळणार? ओव्ह्युलेशनची, म्हणजे बीज सुटण्याची चाहूल देणारी, पट्टी वापरत असाल तर हिशेब सोपा होतो: पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं, तिथून पंधरा दिवस मोजा. पीसीओडी (बीजकोशांची तक्रार, जिच्यात बीज वेळेवर सुटत नाही) असेल तर मात्र ही पट्टीही फसवते, कारण ती मोजते ते एलएच हे संप्रेरक तिथे अधूनमधून उगीचच वाढलेलं राहतं. अशा वेळी सर्वांत साधा नियम असा: शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस झाले की केलेल्या चाचणीवर भरवसा ठेवता येतो. नुकतीच बाळंतीण असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या आणि अजून पाळी न आलेल्या बाईलाही हाच नियम लागू.

दोन पट्ट्यांच्या घोळाबद्दल इथेच सांगून टाकावं. ओव्ह्युलेशनची आणि गर्भचाचणीची पट्टी दिसायला जवळपास सारखी, पण वाचायची रीत उलटी. ओव्ह्युलेशनच्या पट्टीत ‘टी’ची (चाचणीची) रेघ ‘सी’इतकी (पट्टी नीट चालल्याची खूण) किंवा जास्त गडद झाली तरच पॉझिटिव्ह. गर्भचाचणीत ‘टी’ची रेघ कितीही फिकट असो, ठरलेल्या वेळेत आणि रंगीत आली असेल तर पॉझिटिव्ह.

तीन थेंब, पाच मिनिटं

पट्टीच्या आत घडतं ते मोठं देखणं आहे. लघवी जिथे पडते तिथे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (एचसीजीला नेमकं धरणारी प्रथिनं) वाळवून ठेवलेली असतात. सोनं इतकं बारीक केलं की पिवळं दिसत नाही, लालसर दिसतं; रेघेचा गुलाबी रंग तो हाच. लघवीबरोबर हे कण पुढे वाहतात. वाटेत एचसीजी भेटलं तर त्याला धरतात. ‘टी’च्या जागी दुसरी प्रतिपिंडं पट्टीला घट्ट बसवलेली असतात; ती एचसीजीचं दुसरं टोक पकडतात आणि सोन्याचे कण तिथे अडकून रेघ उमटते. उरलेले कण ‘सी’पाशी अडवले जातात. म्हणजे ‘सी’ची रेघ एवढंच सांगते की लघवी शेवटपर्यंत पोचली आणि पट्टीतली रसायनं शाबूत आहेत. ‘सी’ आली नाही तर ‘टी’कडे पाहूच नका, किट बाद.

म्हणूनच कृतीतल्या बारीक गोष्टींना महत्त्व आहे. सकाळची पहिली लघवी घ्यायची. रात्रभर साठल्याने ती दाट असते. रात्री दोनदा उठणं झालं असेल तर निदान चार तास साठलेली लघवी घ्यावी. ‘चाचणी करायचीय म्हणून’ तांब्याभर पाणी पिऊन बसू नका, त्याने एचसीजी पातळ होतं. भांडं कोरडं आणि साबणाचा अंश नसलेलं हवं. फॉइलचं पाकीट चाचणीच्या वेळीच फाडा. आतली छोटी पुडी दमट हवा शोषण्यासाठी असते, ती टाकून द्यायची. किट सपाट जागी ठेवून ड्रॉपर उभा धरा आणि ‘एस’च्या खळग्यात माहितीपत्रकात सांगितलेत तेवढेच थेंब सोडा, बहुधा तीन. कमी पडले तर प्रवाह मधेच थांबतो. धार सोडली तर खिडकीत सगळीकडे गुलाबी पूर येतो आणि रेघ वाचता येत नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा. किट साठवण्याची मर्यादा सहसा 30 अंशांपर्यंत असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे गाडीच्या कप्प्यात राहिलेलं किट वापरू नये. न्हाणीघरातल्या ओलसर फळीवरही नको.

दहा मिनिटं उलटल्यावर निकाल वाचू नका. लघवी वाळताना ‘टी’च्या जागी करडी, रंगहीन छटा उरू शकते. कचऱ्यातलं किट तासाभराने परत काढून उजेडाकडे धरलं की दिसते ती बहुतेकदा हीच. खरी रेघ गुलाबी असते आणि ‘सी’इतकीच रुंद. फरक कळेना, तर दोन दिवसांनी नवी पट्टी. गर्भ असेल तर ती रेघ तोवर स्वतःच ठसठशीत होते. रोज पट्टी करून कालच्या आणि आजच्या रेघेचा गडदपणा मात्र ताडू नका. तो लघवीच्या दाटपणावरही अवलंबून असतो.

साखर, मीठ, टूथपेस्ट, ब्लीच यांत लघवी मिसळून फेस पाहायचे व्हिडिओ फिरतात. फेस येतो तो लघवीतल्या आम्लामुळे किंवा युरियामुळे, पुरुषाच्या लघवीनेही येतो. एवढं त्यांच्यासाठी पुरे.

औषधांची गंमत

पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक, मेटफॉर्मिन, बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या यांचा पट्टीवर परिणाम होत नाही. होतो तो बीज फोडण्याच्या इंजेक्शनचा, कारण त्यात बहुधा एचसीजीच असतं, 5000 किंवा 10000 युनिट. ते शरीरातून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. आययूआयनंतर (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारानंतर) आठव्या दिवशी दोन रेघा आल्या म्हणून पेढे आणू नयेत. ते इंजेक्शनच बोलत असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच रक्ताची तपासणी करावी. त्या काळात चालू असलेल्या, गर्भाशयाचं अस्तर टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांमुळे छाती दुखते, पाळी लांबते, म्हणजे सगळी लक्षणं गर्भारपणासारखी. घरच्या चाचणीत एक रेघ आली म्हणून त्या गोळ्या परस्पर बंद करणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक.

आपल्याकडचा खास घोळ वेगळाच आहे. गणपती, मंगळागौर, घरचं लग्न आलं की पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली जाते. ती बहुधा नोरेथिस्टेरॉन, पाळीच्या तीन दिवस आधी सुरू केलेली. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मूल हवं असलेल्या महिन्यात ही गोळी टाळलेलीच बरी, कारण नेमक्या त्याच आठवड्यात गर्भ रुजत असू शकतो. घेतली असेलच आणि थांबवून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर चाचणी करा. गोळीमुळे निकाल बदलत नाही.

गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर जुनं एचसीजी काही आठवडे रेंगाळतं, हेही ध्यानात ठेवावं.

दोन रेघा येऊन गेल्या तर

कधीकधी आज फिकट दुसरी रेघ येते आणि चार दिवसांनी पाळी. चाचणी चुकली असं नाही. गर्भ रुजला होता, टिकला नाही. विलकॉक्स गटाने 1988 साली मोजलं तेव्हा 22 टक्के गर्भ कुणाच्या लक्षात येण्याआधीच गळून गेलेले आढळले. उशिरा रुजलेल्यांत हे जास्त घडतं: नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत 13 टक्के, अकराव्या दिवशी रुजलेल्यांत 52 टक्के. म्हणून पाळीआधीच, थोडं एचसीजीही ओळखणाऱ्या हळव्या पट्टीने चाचणी करणाऱ्या बाईला अशी गळती दिसते, आणि थांबणाऱ्या बाईला ती दोन दिवस उशिरा आलेली पाळी वाटते. धावपळ केल्यामुळे किंवा काही खाल्ल्यामुळे हे होत नाही. लवकर चाचणी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण त्याची ही किंमत माहीत असावी.

पाळी आठवडाभर लांबली आणि चाचणी दोनदा निगेटिव्ह, तर रक्तातली बीटा-एचसीजी करून घ्यावी. 5च्या खाली म्हणजे नाही, 25च्या वर म्हणजे हो, मधलं काही आलं तर 48 तासांनी पुन्हा. उत्तर ‘नाही’ असेल तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओडी यांकडे डॉक्टर पाहतील. गावात असाल तर आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं चाचणी किट असतं, त्यासाठी मेडिकल गाठायची गरज नाही.

दोन रेघा ठसठशीत आल्या की त्याच दुपारी सोनोग्राफीला पळण्याचा मोह होतो. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून पाळी चुकली त्या दिवशी ‘चार आठवडे’ होतात आणि गर्भ प्रत्यक्षात जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. (जहाजावरून तीन आठवड्यांपूर्वी घरी आलेल्या नवऱ्याला हे आधी समजावून सांगावं.) तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नाही आणि घरभर घबराट होते. गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसते, ठोके सहाव्या-सातव्यात. एकाच बाजूला ओटीपोटात कळा, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर मात्र एक तासही थांबू नका. गर्भ नलिकेत रुजला तरी पट्टी तशाच दोन रेघा दाखवते. तो कुठे रुजलाय हे तिला कळत नाही.