पदविका की पदवी: नोकरदार अभियंत्यांच्या व्यवस्थापन-शिक्षणाची पार्श्वभूमी

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात कुणाला ‘डिप्लोमावाला’ म्हटले, की दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे काढून सुपरवायझरच्या श्रेणीत रुजू झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याच कारखान्यात बीई झालेला, काही वर्षे शॉप फ्लोअरवर घालवलेला आणि मग देशातल्या अतिशय चुरशीच्या प्रवेशपरीक्षेतून जाऊन औद्योगिक व्यवस्थापन शिकून आलेला अभियंताही कित्येक दशके कागदोपत्री डिप्लोमाच बाळगून होता. मराठीत दोन्हींना पदविका हाच शब्द आहे. दुसरीच्या आधी ‘पदव्युत्तर’ लागते खरे, पण बोलताना पहिल्यांदा गळतो तो नेमका तोच भाग. अभियंत्यांना व्यवस्थापन म्हणून काय शिकवावे, यावर आपल्याकडे जेवढा खल झाला, त्याहून अधिक झाला तो शिक्षण संपल्यावर हाती पडणाऱ्या कागदावर कोणता शब्द छापायचा यावर. पुढची हकीकत मुख्यतः त्या शब्दाचीच आहे.

अभियंत्याने खर्चाचा आणि माणसांचाही हिशेब ठेवावा, ही कल्पना अमेरिकेतली. 1886 मध्ये तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेपुढे कुलपांच्या एका कारखान्याच्या प्रमुखाने वाचलेला निबंध हा तिचा आरंभ मानतात. 1914 मध्ये बोस्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेने ‘इंजिनिअरिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ असा अभ्यासक्रम काढला आणि 1967 मध्ये मिसुरी राज्यातल्या रोला येथे ‘इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ या नावाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तिकडे हे नाव रुळले. आपल्याकडे मात्र ‘औद्योगिक अभियांत्रिकी’, ‘औद्योगिक व्यवस्थापन’ किंवा नुसते ‘मॅनेजमेंट’ अशीच नावे चालत राहिली.

भारतात बंगळुरूच्या विज्ञान संस्थेने स्वातंत्र्याच्या सुमारास या विषयांना आपल्या आवारात जागा दिली, तर कोलकात्यात 1953 मध्ये व्यवसाय-व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था निघाली. त्याच सुमारास जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडून आलेले तज्ज्ञ आपल्या कापड गिरण्यांत आणि यंत्रशाळांत कामाचे मोजमाप करून दाखवत होते. 1958 मध्ये उत्पादकतेसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि 1963 मध्ये मुंबईत विहार तलावाशेजारी औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिला संयुक्त राष्ट्रांचे अर्थसाह्य होते आणि याच श्रम संघटनेचे मार्गदर्शन. कामाच्या वेळेचा अभ्यास हा या विद्येचा पाया. त्यासाठीच्या स्टॉपवॉचच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग पाडलेले असतात, म्हणजे निरीक्षणांची बेरीज-सरासरी दशांशात सरळ काढता येते. अशी तबकडी हातात धरून लेथजवळ उभा राहणारा अभियंता कामगारांना आवडत नसे, आणि त्यांची भीतीही अगदीच अनाठायी नव्हती.

या संस्थेपुढे पहिल्यापासून एक अडचण होती. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या 22 व्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार तिघांपुरता मर्यादित केला: संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ म्हणून मान्यता मिळालेली संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला निघालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) आणि विहारची ही संस्था या तिन्हींत कुठेच बसत नव्हत्या. कायद्याने स्थापन न होता त्या सोसायट्या म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. अभ्यासक्रम स्वतः ठरवणे, प्राध्यापक स्वतः निवडणे आणि विद्यापीठाच्या विद्वत्सभेची वाट न पाहता विषय बदलणे, हे स्वातंत्र्य त्यामुळे मिळाले. त्याच्या बदल्यात ‘मास्टर’ हा शब्द मात्र वापरता येईना. दोन वर्षांच्या निवासी शिक्षणाअंती मिळे ती ‘पदव्युत्तर पदविका’, आणि पीएचडीच्या तोडीचे संशोधन केलेल्याला मिळे ‘फेलो’ ही उपाधी.

हा सौदा वाईट नव्हता, असे म्हणणारे अजूनही भेटतात, आणि खासगी उद्योगापुरते ते बरोबरही आहे. कंपन्या शब्द न पाहता संस्था पाहत. अडचण येई ती सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींत, प्राध्यापकपदाच्या अर्जात आणि परदेशी विद्यापीठाच्या खिडकीवर. जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी किंवा समकक्ष’ असे छापलेले असे आणि सगळी भिस्त त्या शेवटच्या शब्दावर राही. समकक्षता देई विद्यापीठांची संघटना, आणि तीही सरसकट नव्हे, त्या त्या संस्थेच्या त्या त्या अभ्यासक्रमाला. अर्जाला जोडलेल्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर डिप्लोमा हा शब्द वाचून कारकुनाने अर्ज बाजूला ठेवला, तर नियमाने तो चुकत नसे.

पवईत या विसंगतीचे चित्र जवळून दिसे. विहारच्या संस्थेपासून हाकेच्या अंतरावर भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी) आहे. 1961 च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली असल्यामुळे तिला पदवी देता येते. 1995 मध्ये तिने व्यवस्थापनाची शाळा काढली, वर्गात बहुतांशी अभियंतेच घेतले आणि त्यांना ‘मास्टर ऑफ मॅनेजमेंट’ ही पदवी दिली. भिंतीपलीकडे तशाच अभियंत्यांना, बरेचसे तेच विषय शिकवून, पदविका मिळत होती. विहारच्या आवारातही दोन दारे होती: औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदविकेला बरीच वर्षे ‘गेट’ची गुणसंख्या लागे, औद्योगिक व्यवस्थापनाच्या पदविकेला ‘कॅट’ची. एक परीक्षा एमटेकच्या वाटेवरची आणि दुसरी एमबीएच्या. अभियंत्याचे व्यवस्थापन-शिक्षण नेमके कुठल्या घरचे, याचा निर्णय संस्थेनेही लावला नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

हे सगळे पूर्णवेळ शिकणाऱ्यांचे झाले. नोकरी न सोडता शिकणाऱ्याची वाट वेगळी होती, आणि गंमत म्हणजे शब्दाच्या बाबतीत ती अधिक सुरक्षित होती. मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन संस्थेचा आरंभ 1965 चा. या विद्यापीठाचे विपणन, वित्त आणि मनुष्यबळ या विषयांतले तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम ‘मास्टर’ हीच पदवी देत आले, कारण विद्यापीठाला ती देता येत होती. विक्रोळी-मुलुंडच्या कारखान्यांतून सुटून लोकलने चर्चगेट गाठणारा, पहिल्या तासाला उशिरा पोचणारा अभियंता हा या वर्गांचा ठरलेला विद्यार्थी. पुण्यात त्याचा भाऊबंद संध्याकाळी ‘डीबीएम’ म्हणजे व्यवसाय-व्यवस्थापनाचा डिप्लोमा करी, आणि तिथे पुन्हा पदविकाच होती. 1979 पासून पिलानीच्या अभिमत विद्यापीठाने उलटी सोय केली: विद्यार्थ्याने कामावरच राहावे आणि शिक्षणाने तिथे यावे. कंपनीचे शिफारसपत्र, कामाच्या ठिकाणचा मार्गदर्शक आणि शेवटी कामातलाच प्रकल्प, अशी ती रचना होती.

1987 च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुकला, औषधनिर्माण यांच्या जोडीला व्यवस्थापनही आले. डिसेंबर 2010 मध्ये परिषदेने पदविका देणाऱ्या खासगी संस्थांचे प्रवेश आणि अभ्यासक्रम नियमांत बांधायचे ठरवले, तेव्हा संस्था न्यायालयात गेल्या. पुढे एप्रिल 2013 मध्ये, विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने एमबीए हे तंत्रशिक्षण नव्हे आणि एमसीए आहे असा निर्वाळा दिला. व्याख्येत व्यवस्थापन हा शब्द ढळढळीत असताना हा निष्कर्ष कसा निघाला, हे कायदेपंडितांनी सांगावे. अभियंत्याने एमबीए केले म्हणजे तो तंत्रशिक्षणाच्या हद्दीबाहेर गेला, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो, आणि तो कोणत्याही कारखान्यात पटणार नाही.

3 नोव्हेंबर 2017 चा निकाल अधिक दुखावणारा ठरला. काही अभिमत विद्यापीठांनी परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. 2001 ते 2005 या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि परीक्षा देऊन त्या टिकवण्याची संधी दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द केल्या. यांतले बरेचजण नोकरीत असलेले तंत्रनिकेतनाचे पदविकाधारक होते. सुपरवायझरच्या श्रेणीतून वर जाण्यासाठी त्यांनी पदरचे पैसे मोजले होते. निकाल व्यवस्थापनाच्या पदव्यांबद्दल नव्हता, तरी पत्राने किंवा संगणकावर काहीही शिकलेल्या नोकरदार अभियंत्याला पुढे मुलाखतीत पहिला प्रश्न मान्यतेचाच येऊ लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय व्यवस्थापन संस्थांचा (आयआयएमचा) कायदा संमत झाला आणि जानेवारी 2018 अखेर तो लागू झाला. त्या संस्थांना पदवी देता येऊ लागली. ‘फेलो’च्या जागी पीएचडी आली. पण अनुभवी नोकरदारांसाठीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांवर लगेच घोडे अडले. पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते, मग एका वर्षात एमबीए कशी, असा सरकारी बाजूचा आक्षेप होता. या वर्गांत अभियंत्यांचा भरणा मोठा, आणि त्यांची पहिली पदवी चार वर्षांची, ही गोष्ट त्या वादात फारशी पुढे आली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाची मुभा तत्त्वतः दिली, तेव्हा तोच हिशेब मान्य झाला.

विहारच्या संस्थेला मात्र आणखी थांबावे लागले. ती 2017 च्या कायद्याच्या यादीत नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने दुरुस्ती करून तिला त्या यादीत घेतले आणि साठ वर्षांच्या संस्थेला पदवीचा अधिकार मिळाला. नावातली ‘औद्योगिक अभियांत्रिकी’ त्या दिवशी गेली आणि ‘मुंबई’ आली. माजी विद्यार्थ्यांत यावर दोन तट पडणे साहजिक होते.

2023-24 पासून तंत्रशिक्षणाच्या परिषदेने ‘अर्धवेळ’ हा शब्द मागे ठेवून ‘नोकरदारांसाठी’ असा वर्ग केला आहे. महाविद्यालयाने सोयीच्या वेळेत तास ठेवायचे आणि उमेदवाराचे कामाचे ठिकाण सुरुवातीच्या नियमाप्रमाणे 50 किलोमीटरच्या परिघात असायचे. चाकण, रांजणगाव आणि तळेगाव पुण्याच्या महाविद्यालयांपासून या मापात बसतात. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या अभियंत्याने सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळच्या तासाला कसे पोचावे, हे मात्र त्याला आपल्या शिफ्ट इनचार्जशीच ठरवावे लागते.