डिचोली की बिचोलिम: गेमच्या डीएलएलमधल्या नावांची पार्श्वभूमी

फोंड्याला आमच्याकडे रविवारी चार-पाच मुले प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एका मुलीने जुन्या ‘हाफ-लाइफ’ गेमसाठी छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी भर, लिहिला. मिनजीडब्ल्यू या कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमने) डीएलएल, म्हणजे गेम चालताना जोडून घेतो ती कोडची फाइल, बनवली, एकही एरर आला नाही, पण गेम सुरू होताच बंद पडायचा. इंजिन, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, ज्या नावाचे फंक्शन शोधत होते ते फाइलमध्ये होते, फक्त त्याच्या शेवटी ‘@८’ चिकटले होते. त्या फंक्शनला मिळणारे चार-चार बाइटचे दोन पॉइंटर (मेमरीतले पत्ते) मिळून ८. ३२ बिट विंडोजवर फंक्शनला हाक मारण्याच्या ‘एसटीडीकॉल’ पद्धतीची ती खूण.

तिला समजावताना मी आपल्याच गावांची नावे घेतली. डिचोलीला पोर्तुगीज कागदांत बिचोलिम लिहिले, साखळीला सांकेलिम. गाव तेच, पण जुन्या नोंदींत कुणी ‘डिचोली’ शोधत बसला तर हाती काही लागायचे नाही. कोडचे तुकडे नावांवरून एकमेकांना जोडणारा लिंकर हा असाच अक्षर न् अक्षर ताडून पाहणारा कारकून आहे. अर्थ त्याला कळत नाही.

सी भाषेत हा घोळ लहान होता. फंक्शनचे नाव तेच सिम्बॉल, म्हणजे लिंकरला दिसणारे नाव, फार तर पुढे एक अंडरस्कोर. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘सी विथ क्लासेस’वर काम सुरू केले आणि त्यातून सी++ उभी राहिली. तिथे एकाच नावाची अनेक फंक्शन्स चालतात. लिंकर मात्र जुनेच होते. म्हणून पॅरामीटरचे, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या माहितीचे, प्रकार नावातच गुंफायची युक्ती निघाली, तिला नेम मँगलिंग म्हणतात. १९८९ च्या सीफ्रंट २.० या सी++ कंपायलरमध्ये ती सरसकट लागू झाली, आणि नाव साधेच ठेवायचे असेल तर ‘एक्स्टर्न सी’ लिहायची सोयही तेव्हाच आली.

गुंफण कशी करायची हे भाषेच्या मानकाने ठरवून दिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची नावे प्रश्नचिन्हाने सुरू होतात, आजच्या जीसीसी या मुक्त कंपायलरची अंडरस्कोर आणि झेडने. अनेकांना हा कंपन्यांचा हेकटपणा वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण फरक नावापुरता नाही. व्हर्च्युअल डिस्ट्रक्टरसाठी (ऑब्जेक्ट मोडीत काढणाऱ्या फंक्शनसाठी) जीसीसी व्हीटेबलमध्ये, म्हणजे क्लासच्या फंक्शनांच्या पत्त्यांच्या तक्त्यात, दोन जागा ठेवते, मायक्रोसॉफ्ट एकच. ३२ बिटमध्ये ‘धिस’ पॉइंटर (फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालते त्याचा पत्ता) मायक्रोसॉफ्ट प्रोसेसरच्या रजिस्टरमधून पाठवते, तर मिनजीडब्ल्यू, म्हणजे जीसीसीचे विंडोजवरचे रूप, जीसीसी ४.७ येईपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, तो मेमरीतल्या स्टॅकवरून पाठवत असे. अशा दोन लायब्ररींची नावे जुळली असती तर लिंक बिनबोभाट झाली असती आणि गेम ऐन रंगात आल्यावर कोसळला असता. त्यापेक्षा दारातच अडले ते बरे.

गेमवाल्यांनी या अडचणीवर फार लवकर वाट काढली. १९९७ च्या ‘क्वेक २’मध्ये गेमचा सगळा तर्क वेगळ्या डीएलएलमध्ये होता आणि इंजिन तिच्यातले एकच फंक्शन नावाने शोधायचे: ‘गेटगेमएपीआय’. पुढचा सारा व्यवहार फंक्शन पॉइंटरच्या दोन तक्त्यांवर, एक इंजिनाचा आणि एक गेमचा. दार एकच, तेही सी भाषेचे. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने तोच वारसा घेतला, पण त्याची डीएलएल सी++ मध्ये होती. सेव्ह करताना पात्राचे पुढचे ‘थिंक’ फंक्शन (पात्राने पुढे काय करायचे ते ठरवणारे) कोणते, हे इंजिन डीएलएलने बाहेर उघड केलेल्या (एक्स्पोर्ट) नावाने टिपून ठेवते. म्हणजे कंपायलरने गुंफलेले नाव थेट सेव्ह फाइलमध्ये जाते, आणि कंपायलर बदलला की जुनी सेव्ह त्या नावापाशी अडते.

लिनक्सवर २००१ मध्ये जीसीसी ३.० ने इटॅनियम प्रोसेसरसाठी आखलेला एबीआय, म्हणजे बांधलेल्या कोडने एकमेकांशी जुळण्याचे नियम, स्वीकारला, तेव्हा जुन्या जीसीसी २.९५ ने बांधलेल्या सी++ लायब्ररी एका झटक्यात परक्या झाल्या. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंगची, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या प्रकाराची, रचना बदलली. मायक्रोसॉफ्टकडे मात्र व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून पुढच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात. २०२३ च्या गोडो ४.० या गेम इंजिनातली जोडणीची सोय, जीडीएक्स्टेन्शन, हीही इंजिनाशी सी इंटरफेसमधूनच बोलते.

आमच्या मॉडला शेवटी एक डेफ फाइल, म्हणजे डीएलएलने कोणती नावे उघड करायची याची यादी, पुरली. तिच्यात एका ओळीत ‘@८’शिवायचे नाव दिले आणि सर्व्हरची, म्हणजे खेळाचा तर्क सांभाळणारी, डीएलएल चालू झाली. क्लायंटच्या, म्हणजे खेळाडूच्या पडद्याच्या, बाजूला व्हीजीयूआय या मेनू-खिडक्यांच्या लायब्ररीचे सी++ क्लास थेट लागतात, तेही मायक्रोसॉफ्टच्या गुंफणीतले. तो भाग आम्ही मायक्रोसॉफ्टच्याच कंपायलरने बांधला.